दप्तराच्या किल्ल्या

फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या पळत्या छावणीबरोबर फिरवले जाणारे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. कंपनीचा अंमलदार एल्फिन्स्टन याने त्यांना एप्रिलमध्ये साताऱ्याला आणून गादीवर बसवले आणि कारभारावर नजर ठेवायला शेजारी एक कॅप्टन नेमला. जेम्स ग्रँट त्याचे नाव. स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावचा, तिशीही न गाठलेला. पुढे आईकडची जहागीर वारशाने आली तेव्हा त्याने नावाला डफ जोडले. त्याच जोडनावाने महाराष्ट्र त्याला गेली दोनशे वर्षे वाचतो आहे आणि शिव्याही देतो आहे.

हा माणूस कामाला वाघ होता. दिवसाचे बारा-चौदा तास काम. राज्याची वसुली, न्याय, जहागीरदारांचे करारमदार हे सगळे उरकून तो मराठ्यांचा इतिहास लिहायला बसे. त्यात डोकेदुखीचा विकार. दर चार-पाच दिवसांनी कपाळ ठणकायला लागे, आणि एकदा सुरू झाले की सहा तासांपासून सोळा तासांपर्यंत सुटका नसे. डोक्याला ओली फडकी गुंडाळून त्याने पाने लिहिली. अखेर प्रकृतीने हात टेकले, १८२२ मध्ये सातारा सोडावा लागला, आणि १८२६ मध्ये लंडनला त्याच्या मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड निघाले. प्रकाशक मिळतानाही मारामार. जॉन मरेचे म्हणणे पडले की मराठे कोण हे इथे ठाऊक कुणाला? मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काही नाव द्या, मग बघू. ग्रँट डफने ऐकले नाही. लोकांना ठाऊक नाही म्हणूनच तर हे लिहिले, असा त्याचा जबाब होता. पुस्तक दुसरीकडून निघाले आणि त्यात त्याची चांगलीच पदरमोड झाली.

परकी सत्ता इतिहास कसा घडवते हे पाहायचे तर असाच कष्टाळू आणि बऱ्यापैकी सरळ माणूस घ्यावा. लबाडाचे काम सोपे असते. त्याची लबाडी उघडी पडली की प्रकरण मिटते. जेम्स मिलचेच बघा. हिंदुस्थानात पाऊल न टाकता आणि इथली एकही भाषा न शिकता त्याने १८१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास छापला, त्यात हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन कालखंड पाडले, आणि कंपनीचे होऊ घातलेले अंमलदार हेलिबरीच्या कॉलेजात ते पुस्तक वाचून बोटीत चढू लागले. पुढे एलियटने फारसी तवारिखांचे वेचे गोळा केले. ते वाचून इथल्या लोकांना इंग्रजी राज्याचे फायदे कळतील, हा हेतू त्याने १८४९ साली उघडच सांगून टाकला होता. अशांचा निकाल लावायला फार अक्कल लागत नाही. ग्रँट डफशी मात्र गाठ पडली की दमछाक होते, कारण त्याच्याकडे पुरावा होता.

पुरावा किती, तर कुणा मराठी माणसाला त्या काळी स्वप्नातही एका जागी पाहायला मिळाला नसता इतका. साताऱ्याच्या राजाने आपले कागद त्याच्यापुढे ठेवले. पुण्यात जप्त झालेले पेशव्यांचे दप्तर एल्फिन्स्टनच्या ताब्यात होते, त्यातून हवे ते मिळाले. मुंबई-सुरतेच्या वखारींचे इंग्रजी कागद हाताशी होते. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातले उतारे आले. खाफीखानासारखे फारसी ग्रंथ होते, बखरी होत्या, आणि जुन्या लढायांत प्रत्यक्ष भाग घेतलेली म्हातारी माणसे साताऱ्यात आणि पुण्यात अजून जिवंत होती. चार दिशांची ही चार कुलुपे एकाच माणसासाठी उघडली, ती तो जेत्यांचा अंमलदार होता म्हणून. विद्वत्ता असलेले मराठी कारकून त्याच्याच कचेरीत बसून नकला करत होते. नक्कल त्यांची, इतिहास त्याचा. ज्या राजाने दप्तर उघडून दिले त्याला कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले. तो तिथेच १८४७ मध्ये वारला, आणि पुढल्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

आता त्या पुराव्यातून काय उभे राहिले? मराठ्यांच्या उदयाचे वर्णन करताना ग्रँट डफला सह्याद्रीतला वणवा आठवला. रानात वाळलेले गवत एकाएकी पेट घेते, आग पसरत जाते आणि लांबचे लोक नवल करत बघत राहतात. वर्णन चित्रमय आहे, यात शंका नाही. पण वणव्याला ना हेतू असतो ना विचार. तो लागतो आणि विझतो, मागे राख राहते. लुटारू वृत्तीची माणसे, विस्कळीत मोगलाई, मध्ये एक धाडसी पुढारी आणि मग भडका, एवढ्यात दीडशे वर्षांचे राज्य त्याने बसवले. पुस्तकाच्या आरंभी त्याने मुलूख, गावगाडा, बलुतेदार यांच्यावर पाने खर्च केली आहेत, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. मात्र गोष्ट एकदा सुरू झाली की तो गावगाडा मागे पडतो तो पडतोच, आणि वाचकापुढे फक्त घोडेस्वार, खंडण्या, तह आणि कटकारस्थाने उरतात.

दुसरी गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. १८१८ मध्ये इंग्रजांना एक अडचण होती. पेशवाई बुडवली खरी, पण पेशव्याशी इमान राखणारे सरदार, शिपाई, गडकरी अजून मुलखात होते. एल्फिन्स्टनने त्यावर तोड काढली ती अशी की आम्ही मराठ्यांचे राज्य घेतले नाही, पेशव्याच्या कैदेतून खऱ्या धन्याला सोडवून पुन्हा गादीवर बसवले. साताऱ्याचे राज्य या युक्तीतून जन्माला आले आणि ग्रँट हा त्या राज्याचा पहिला राखणदार. आता त्याच्या इतिहासाचा उत्तरार्ध वाचा. कैदेतला छत्रपती, सत्ता बळकावलेले ब्राह्मण प्रधान, त्यांची कपटे, आणि शेवटी येणारा इंग्रज. एल्फिन्स्टनचा १८१८ चा जाहीरनामाच तीन खंडांत पसरल्यासारखा वाटतो. त्यात धादांत खोटे फारसे नाही. शाहू महाराजांच्या मृत्यूनंतर छत्रपतींची सत्ता नावापुरती उरली होती, हे कोण नाकारील? ग्रँट डफने कंपनीलाही सोडलेले नाही. रघुनाथरावाची बाजू घेऊन मुंबईकरांनी जो घोळ घातला त्यावर त्याने कडक लिहिले आहे. प्रश्न शेकडो खऱ्या गोष्टींतून कोणत्या एका दोरीत ओवल्या हा आहे, आणि ती दोरी साताऱ्याच्या एजन्सीत वळली गेली होती.

त्या दोरीचा एक पीळ मात्र आपल्याच घरचा आहे. ग्रँट डफचा मोठा आधार होता मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती साताऱ्याच्या दरबारात, छत्रपतींच्या आश्रयाने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. पुण्याच्या प्रधानांविषयी साताऱ्याच्या वाड्यात मुरलेली सल तिच्यात असणारच. परक्या इतिहासकाराला इथल्या भांडणातली एक बाजू आयती मिळाली आणि तिच्यावर त्याने इंग्रजी मोहोर उमटवली. वसाहतवादी इतिहास म्हणजे सगळा साहेबाच्या डोक्यातून निघालेला, असे समजणाऱ्यांनी चिटणीसांची बखर आणि ग्रँट डफ शेजारी ठेवून वाचावेत.

पुस्तकाचे मराठी रूपही लवकर आले. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांचे भाषांतर १८३० च्या आसपास निघाले आणि शाळांतून चालू लागले. पुण्याच्या, साताऱ्याच्या मुलांना आपला शिवाजी त्या पुस्तकातून शिकावा लागला. त्यात अफझलखानाला कपटाने बोलावून वाघनखांनी मारणारा शिवाजी होता. ही केवळ वर्गातली गोष्ट राहिली नाही. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवराज्याभिषेक उत्सवात प्रोफेसर भानूंनी अफझलखान वधाचा पुरावा उलटासुलटा तपासून शिवाजीवरचा खुनाचा आरोप फेटाळला, अध्यक्ष टिळकांनी त्यावर भाषण केले, आणि १५ जूनच्या केसरीत हा वृत्तांत छापून आला. आठवड्याभरात प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने केसरीतला तोच मजकूर राजद्रोह म्हणून न्यायालयापुढे ठेवला आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. जावळीच्या खोऱ्यात २३८ वर्षांपूर्वी पहिला वार कोणी केला, हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीपुढे आला, यापेक्षा इतिहासाच्या मालकीचा ठळक पुरावा कुठे शोधायचा?

पहिले जाहीर उत्तर मात्र त्याच्या पुष्कळ आधी दिले गेले होते, आणि ते एका विद्यार्थ्याने दिले. नीळकंठ जनार्दन कीर्तने विशीत होते. १८६७-६८ च्या सुमारास त्यांनी ग्रँट डफच्या पुस्तकावर टीका लिहिली आणि ती विविधज्ञानविस्तार मासिकात आली. त्यांनी तक्रार मांडली, पण तक्रारीवर न थांबता पुरावा मागितला. ग्रँट डफने आपल्या तळटीपांत लिहून ठेवले होते की अमुक कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत. शोध घेतला तर त्या तिथे सापडेनात. यातून पुढे एक प्रवाद पसरला की साहेबाने काम झाल्यावर मूळ कागद जाळून टाकले. हा प्रवाद अजून गप्पांत ऐकू येतो. माझ्या मते त्याला भक्कम आधार नाही. पण तो का टिकला हे समजण्यासारखे आहे. ज्या पुस्तकाचे खंडन करायचे त्याचे पुरावेच पाहायला मिळत नसतील, तर माणूस आगीवरच विश्वास ठेवणार.

कागद जळाले नव्हते, कुलपात होते. पेशव्यांचे दप्तर इंग्रजांनी सांभाळले ते इतिहासासाठी नाही, वसुलीसाठी. कोणाला कुठले गाव इनाम, कुणाचे वतन खरे, कुणाची सनद बनावट, याचा निवाडा त्या कागदांवरून करायचा होता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली. गावोगावच्या इनामदारांना सनदा घेऊन हजर व्हायला सांगितले, त्या दप्तराशी ताडून पाहिल्या, आणि हजारो इनामे सरकारजमा झाली. वाड्यावाड्यांतून आणखी कागद गोळा करून त्याच दप्तरात घातले गेले. ते आजही जमाव या नावाने वेगळे ओळखले जातात. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव अशी त्यांची विभागणी आणि कापडात बांधलेले जवळजवळ पस्तीस हजार रुमाल. पुण्यात त्यासाठी दगडी इमारत उठली. लोक तिला बरीच वर्षे एलियनेशन ऑफिस म्हणत.

हत्यार म्हणून वापरलेले दप्तर कुणाच्याही हाती कसे द्यायचे? बाहेरच्यांना ते उघडले तर नव्या खोट्या सनदा तयार होतील, जुनी भांडणे उकरली जातील आणि सरकारचे निवाडे उलटे पडतील, ही भीती होती. पुढे तिच्यात राजकीय धास्तीची भर पडली. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या वजनदार माणसाच्या खटपटीने थोडी फट पडली. गणेश चिमणाजी वाड यांनी दप्तरातून वेचे काढले आणि ते पेशव्यांच्या रोजनिशा म्हणून १९०२ नंतर छापले गेले. त्या वेच्यांवर रानड्यांनी १९०० मध्ये जो निबंध वाचला त्यात लढाया बाजूला ठेवून टाकसाळी, तुरुंग, वेठ, टपाल, दक्षिणा, विधवाविवाह असल्या गोष्टी शोधल्या. त्याच वर्षी त्यांचे मराठी सत्तेच्या उदयावरचे इंग्रजी पुस्तक आले. त्यातल्या प्रकरणांची नावे वाचली तरी ग्रँट डफला दिलेले उत्तर कळते. जमीन कशी तयार झाली, बी कसे पेरले, ते कसे रुजले, झाडाला मोहोर, झाडाला फळ. वणव्याच्या जागी रानड्यांनी झाड लावले आणि त्या झाडाच्या मुळाशी संतांना बसवले. हे झाडही थोडे अति नीटनेटके आहे, असे मला वाटते. काँग्रेसच्या काळातला राष्ट्रवाद त्यांनी सतराव्या शतकात जरा उदार हाताने पेरला.

दप्तर आणि इतिहासकार एकाच हातात ठेवायची रीत इंग्रजांनी शोधलेली नव्हती. पोर्तुगीजांनी गोव्यात १५९५ मध्ये दफ्तरखाना सुरू केला तेव्हा त्याचा रखवालदार आणि राज्याचा बखरनवीस म्हणून एकच माणूस नेमला, दिओगु द कोतु. पुढे साडेतीनशे वर्षांनी त्याच दफ्तरखान्यात पांडुरंग पिसुर्लेकर बसले. पिसुर्ले गावच्या या गोवेकराने पोर्तुगीज राजवटीत, पोर्तुगीजांच्याच कागदांतून मराठ्यांची बाजू पोर्तुगीज आणि मराठी या दोन्ही भाषांत मांडली. दप्तर कुणी जमवले यापेक्षा ते पुढे कोण वाचतो याला किती महत्त्व असते, याचे एवढे चांगले उदाहरण दुसरे नाही.

पुण्यातले दार बंद होते तेव्हा ब्रिटिश मुलखातले आणि संस्थानांतले मराठी अभ्यासक दुसऱ्या वाटेने निघाले. काशीनाथ नारायण साने आणि मंडळींनी १८७८ पासून काव्येतिहाससंग्रहात बखरी आणि पत्रे छापायला घेतली. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे दप्तर उपसले. पारसनिसांना मेणवलीचे नाना फडणिसांचे कागद मिळाले. आणि राजवाडे! विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये पानिपतच्या आगेमागची पत्रे पहिल्या खंडात छापली आणि अशा बावीस खंडांचा डोंगर उभा केला. ते गावोगाव हिंडत, वाड्यांच्या माळ्यांवर चढत, वतनदारांच्या संशयी नजरा सोसत. संशय असणारच. कागद मागणारा ब्राह्मण म्हणजे कमिशनचा हेर तर नव्हे ना, ही धास्ती इनामदारांच्या घरात दोन पिढ्या मुरली होती. कित्येकांनी त्या धास्तीने कागद लपवले, कित्येकांचे रद्दीत गेले. १९१० मध्ये राजवाड्यांनी मेहेंदळ्यांसह भारत इतिहास संशोधक मंडळ काढले ते सरकारी दप्तराला पर्यायी दप्तर म्हणूनच.

त्या पर्यायी दप्तराने काय साधले, याचा एक दाखला पुरेसा आहे. ग्रँट डफने शिवाजीचा जन्म १६२७ सालचा दिला, कारण बखरींत तसे होते. पुण्यापासून हजारो मैल दूर लंडनमध्ये छापलेला तो आकडा शाळेच्या पुस्तकांत पक्का झाला. मग भोरच्या मुलखातल्या कारी गावी, जेधे देशमुखांच्या घरात, एक शकावली निघाली. कान्होजी जेध्यांचे हे घराणे शिवाजीच्या पहिल्या दिवसांपासूनचे साथीदार. शकावली म्हणजे नुसती सालवार टिपणे, ना अलंकार ना कथा. ती टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापून झाली. तिच्यात जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. बराच वाद झाला, पण पुढे त्याच तारखेला दुसरीकडून दुजोरा मिळत गेला, आणि आज सरकारी सुट्टी त्याच तारखेला असते. एका देशमुखाच्या घरातल्या टिपणाने तीन खंडांच्या इतिहासाला जवळपास तीन वर्षांनी हलवले.

सरकारी दप्तर उघडले ते १९३० मध्ये. जदुनाथ सरकारांनी रेटा लावला, गव्हर्नर साइक्सच्या सरकारने मान्य केले आणि बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसायांकडे काम आले. चार वर्षांत ४५ खंड, साडेआठ हजारांच्या आसपास कागद. काम अफाट, यात वाद नाही. पण पुन्हा एकदा सरकारने निवडलेल्या एका माणसाला किल्ली मिळाली आणि मंडळातल्या अभ्यासकांचे तोंड आंबट झाले. सरदेसायांनी जे निवडले ते बहुतेक राजकारणाचे, स्वाऱ्यांचे, दरबाराचे कागद. हिशेब, वेठ, बाजार, गावकीची भांडणे रुमालांतच राहिली. ग्रँट डफला खोडणाऱ्यांनीही प्रश्न त्याचेच घेतले होते: कोण लढले, कोण जिंकले, कोणी दगा दिला. शेतकऱ्याच्या बाजूने शिवाजीचा पोवाडा महात्मा फुल्यांनी १८६९ मध्येच लिहिला होता, पण मोडी रुमाल उलगडणाऱ्या पंडितांनी तो इतिहास म्हणून फारसा मनावर घेतला नाही. मराठी कागदांतून अठराव्या शतकातला गाव, जात आणि शेतसारा नीट उभा करणाऱ्यांत एक मोठे नाव हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाचे आहे, हे आपण थोडे संकोचाने वाचावे.

कोरेगाव भीमाच्या स्तंभाची गोष्टही इथे टाळता येत नाही. कंपनीने पेशव्यांविरुद्ध लढलेल्या आपल्या फौजेचा पराक्रम कोरण्यासाठी तो उभारला, मृत शिपायांची नावे घातली, त्यांत ‘नाक’ने संपणारी महार नावे पुष्कळ. साहेबाच्या दृष्टीने ते साम्राज्याचे स्मारक. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्याच दगडावर वेगळाच इतिहास वाचला गेला. पेशवाईचा वैभवकाळ लिहिणाऱ्या कोणत्याही मराठी ग्रंथात ती नावे नव्हती.

पुण्याचे दप्तर आज पुराभिलेखागार आहे आणि रीतसर अर्ज केला की कुणालाही पाहता येते. अडसर आता लिपीचा आहे. रुमाल बहुतांशी मोडीत आहेत आणि सराईतपणे मोडी वाचणारे फार थोडे आहेत. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात, मंडळातही शिकवतात, आणि मराठी येणाऱ्याला काही आठवड्यांत अक्षरओळख होते. तुमच्या गावच्या जुन्या वाड्यात, देवळाच्या पेटीत किंवा आजोबांच्या ट्रंकेत मोडीचा एखादा जुडगा असेल तर तो रद्दीवाल्याला देऊ नका, लॅमिनेटही करू नका. फोटो काढा, आणि जवळच्या पुराभिलेख कार्यालयात किंवा संशोधन मंडळात नेऊन दाखवा.